सिनेगॉगच्या दारातली शेवंती

बडनेऱ्याच्या शिवारात आमची फुलशेती. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण देवाच्या दारी रिकाम्या हातानं मी कधी गेलो नाही. मग देव कोणाचाही असो.

पोरगा चेक देशात नोकरीले आहे. मागच्या हिवाळ्यात त्यानं मले तिथं नेलं. त्याच्या गावात ज्यू लोकांचं जुनं प्रार्थनाघर आहे, सिनेगॉग म्हणतात. ते पाहायले निघालो तेव्हा मी विचारलं, "फुलं कुठं भेटतीन?"

"बाबा, तिथं फुलं नाही लागत."

"देवाले फुलं नाही लागत? माळ्याले शिकवून राहिला काय?"

तो तिकिटं काढायले गेला. बाहेरच्या भिंतीवर पितळी पाटी होती, खाली पांढऱ्या शेवंतीचा ताजा गुच्छ. येणाऱ्यासाठी ठेवला असन, असं धरून मी तो उचलला. दारात जोडे काढले.

आत जायले पायऱ्या चढायच्या नव्हत्या, उतरायच्या होत्या. तिकिटं घेऊन मागून आलेला पोरगा म्हणे, शेकडो वर्षांत रस्त्यावर भर पडत गेली, हे घर होतं तिथंच राहिलं. मधोमध दोन दगडी खांब. त्यांच्यातून कमानी निघून छतभर पसरलेल्या, मांडवावर वेल जावा तशा. भिंती पुरुषभर जाड. त्यातल्या अरुंद फटींतून पलीकडच्या खोलीत बसून बाया प्रार्थना ऐकत. मूर्ती कुठंच नाही. पूर्वेच्या भिंतीत कपाट, त्यात त्यांची पोथी, पुढं मखमली पडदा. पडदा आहे म्हणजे गाभाराच. मी शेवंती खाली ठेवली, हात जोडले.

तिथला राखणदार माझ्याहून म्हातारा. तो पोराजवळ हळूच काही बोलला. पोराची मान खाली गेली.

"काय म्हणते तो?"

"तुमी फुलं पाटीखालून उचलली काय?"

"मंग?"

"त्या पाटीवर इथल्याच माणसांची नावं आहेत, बाबा. लढाईच्या काळात धरून नेली, मारून टाकली. फुलं त्यांची होती."

मेलेल्यांची फुलं देवाले. तिरडीवरची फुलं विकतो या नुसत्या संशयावरून मी अमरावतीच्या बाजारात एका व्यापाऱ्याले चारचौघांत शिव्या दिल्या होत्या. तो आठवला, अन् मले त्या पडद्याकडं पाहावेना.

आजवर कोणापुढं टोपी काढली नाही. सासऱ्यापुढं नाही, साहेबापुढं नाही. तिथं काढली. राखणदारानं ती माझ्या हातातून घेतली अन् परत माझ्या डोक्यावर ठेवली.

"यांच्यात डोकं झाकलेलं लागते," पोरगा म्हणाला.

फुलं उचलून अनवाणीच वर आलो, पाटीखाली ठेवली. फरशी बर्फासारखी. मागून तो म्हातारा हळूहळू पायऱ्या चढत आला, दारातले माझे जोडे उचलून घेऊन. वाकला, अन् माझ्या पायाजवळ ठेवले. नको म्हणायचं होतं. पण त्याची भाषा मले येत नव्हती. मी त्याच्यापुढं हात जोडले.