पळालं कोण

हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही, माहेरी आईला तर नाहीच. आता सांगायला सुरुवात केली आहे. जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला सांगून झालं, घरात सांगून झालं — म्हणून आता तुम्हाला. एकदा तोंड उघडलं आहे तर मध्येच थांबायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे.

तसं बघाल तर गोष्ट कुत्र्यांची. निदान आमच्या घरात ती तशीच सांगतात — दापोड्याच्या रस्त्यावर मंदाला कुत्री चावली, ती गोष्ट.

मंदा माझी धाकटी नणंद. लग्न होऊन सासरी गेली आणि काही वर्षांतच परत आली, कायमची. का, ते तिने फारसं सांगितलं नाही, आम्हीही खोदून विचारलं नाही. परत आली ती घरातच बसली. अंगणाच्या पुढे पाऊल टाकायची नाही. मी तेव्हा दापोड्याला एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला जात होते, सायकलवरून. माझं माहेर गणेशपुरीकडचं, शाळेलाही सायकलनेच जायचे, त्यामुळे मला त्याचं काही वाटायचं नाही. मीच मंदाच्या मागे लागले. चल माझ्याबरोबर, चार बायकांत बस, तुझ्या हातात तुझं काहीतरी येऊ दे. ती म्हणाली, "मला सायकल कुठं येते, वहिनी?" मी म्हटलं, मी शिकवते.

शिकवलीही. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात, संध्याकाळी. पडायची, गुडघे खरचटायचे, पुन्हा चढायची. पोरं बांधावर बसून हसायची, तिकडे ही बघायचीसुद्धा नाही. शिकायचं म्हणजे शिकायचं. तुम्ही तिला तेव्हा बघायला हवं होतं.

पण रस्त्यात कुत्री होती. गोडाऊनच्या अलीकडे कंटेनर रांगेने उभे असायचे. ड्रायव्हर तिथेच स्टोव्हवर रांधायचे, उरलंसुरलं टाकायचे, त्यावर कुत्र्यांची एक टोळीच पोसलेली. दिवसभर ट्रेलरखाली सावलीत पडून असायची. पण सकाळी, रस्ता मोकळा असताना, सायकल दिसली की उठलीच म्हणून समजा. मोटरसायकलवाले लाथ झाडून निघून जायचे. सायकलवाल्याने काय करायचं?

काय करायचं ते मला येत होतं. माझ्या वडिलांनी शिकवलेलं. कुत्री अंगावर आली की पॅडल मारायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे ती जास्तच लागतात. सरळ खाली उतरायचं, सायकल आपल्या आणि त्यांच्या मध्ये आडवी धरायची, पाठ दाखवायची नाही, दरडावायचं, आणि एक-एक पाऊल मागे सरकत त्यांच्या हद्दीतून बाहेर पडायचं. मंदाला मी हे शेतात उभं करून शिकवलं. मी कुत्रा व्हायचे, भुंकायचे, आणि ती सायकल आडवी धरून मला दरडावायची. दोघी हसून हसून खाली बसायचो. मी तिला म्हणाले होते — एकीला घेरतात, दोघी उभ्या राहिल्या तर हिंमत करत नाहीत. आपण दोघी असू. मी आहे ना.

हे मी म्हटलं होतं. माझ्या तोंडाने.

तर त्या सकाळी. थंडी होती, पहिल्या शिफ्टची वेळ. मी थोडी पुढे होते, मंदा मागे. कंटेनरखालून कुत्री निघाली — रोज निघायची तशी नाही. बहुतेक कुठेतरी पिल्लं झाली होती. एक पांढुरकी कुत्री, कान फाटलेला, ती आवाज न करता आली आणि तिने माझी सलवार धरली. नुसती धरली. दात लागले नाहीत, कापड टरकलं. आणि मी — वडिलांकडून शिकलेली, दुसरीला शिकवणारी मी — पॅडल मारलं. जेवढा जीव होता तेवढा लावून.

मागून मंदाचा आवाज आला. "वहिनी, उतर!"

माझ्याच शिकवणीची ती मला आठवण करून देत होती.

मी वळून बघितलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे. मी बघितलं. मंदा खाली उतरली होती. सायकल आडवी धरली होती, पाठ दाखवली नव्हती, दरडावत होती. जे शिकवलं ते सगळं ती बरोबर करत होती. माझ्या मागची कुत्रीही तिच्याकडे वळली, कारण मी निघून गेले होते आणि ती उभी होती. एकटी. मी हे बघितलं आणि पुढे बघून पॅडल मारत राहिले.

गोडाऊनच्या गेटवर पोचले. सायकल स्टँडला लावली, पाणी प्यायले, तोंड धुतलं. येईल आता ती, असं म्हणत गेटकडे बघत उभी राहिले. किती वेळ? मला सांगता येणार नाही. कुणाला हाक मारायला हवी होती तेवढा वेळ नक्कीच होता. मी कुणाला हाक मारली नाही. हाक मारली असती तर सांगावं लागलं असतं ना, की ती तिथे आहे आणि मी इथे कशी.

मग एक ड्रायव्हर धावत आला. त्यानेच रॉड घेऊन कुत्री हाकलली होती. म्हणाला, "उधर एक लेडीज गिरी पड़ी है, कुत्तों ने काटा है, कोई है क्या उसके साथ?"

मी म्हणाले, "मैं हूँ. मैं मदद बुलाने ही आयी थी."

पोटरीचे लचके निघाले होते, मनगट मोडलं होतं. सरकारी दवाखान्यात नेलं, जखमा धुतल्या, इंजेक्शनं सुरू झाली. नवरा आला, सासूबाई आल्या. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू व्हतीस ना गो संगती? मग असं कसं झालं?" विचारण्यात संशय नव्हता, काळजी होती. तरी मी घाबरले. आणि सांगून टाकलं — ती घाबरली, सायकल टाकून पळाली. पळाली म्हणून कुत्री मागे लागली. मी किती ओरडले, उतर, उभी राहा. ऐकलंच नाही तिने. मग मी मदत आणायला गेले.

तुम्ही म्हणाल, भीतीपोटी माणूस पळतं, भीतीपोटी खोटंही बोलतं. होय. तेवढंच असतं तर मी कदाचित इतकं लपवलं नसतं. पण ते तेवढंच नव्हतं.

मंदाचा हात प्लॅस्टरमध्ये होता तेव्हा तिची वेणी मी घालत असे. एका दुपारी माझ्याकडे पाठ करून ती बसली होती, मी केस विंचरत होते. ती हळूच म्हणाली, "वहिनी, सगले म्हणतात मी पळाली. मी खरंच पळाली का? मला तर वाटतं मी उभी व्हती."

घरात कुणी नव्हतं. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, माझा तिला दिसत नव्हता. याहून सोपी वेळ मला कधी मिळणार होती? मी कंगवा थांबवलासुद्धा नाही. म्हणाले, "पळालीस गं. घाबरली होतीस, म्हणून आठवत नसेल तुला."

ती म्हणाली, "असंल."

हाच तो गुन्हा. ते पॅडल नाही, दवाखान्यातलं खोटंही नाही. एका धीराच्या बाईला तिच्या स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवायला मी शिकवलं. सायकल शिकवली तशीच, मन लावून.

मंदा पुन्हा सायकलवर बसली नाही. कामाला गेली नाही. ते तर झालंच, पण दुसरंही काही झालं, जे फक्त मला कळत होतं. तिने काही सांगितलं आणि कुणी म्हटलं, नक्की का? — की ती लगेच माघार घ्यायची. दूधवाल्याला किती सांगितलं, किल्ली कुठे ठेवली, कोण काय बोललं. "मला बरोबर आठवत नसंल. वहिनीला विचारा." रोज. एकाच स्वयंपाकघरात. आणि मी उत्तर द्यायचे. सगळे म्हणायचे, नणंद-भावजय असाव्यात तर अशा. मी ते ऐकून घ्यायचे.

मध्ये बरीच वर्षं गेली. मी त्याच रस्त्याने जात राहिले, त्याच कामावर. पुढे सुपरवायझर झाले. कुत्री बदलली, पण कुत्री होतीच. आता आमच्या गावातून बऱ्याच बायका गोडाऊनला जातात. त्यांतल्या काही जणी म्हणाल्या, ताई, आम्हाला शिकव कुत्र्यांचं. म्हणून रविवारी शाळेच्या मैदानात आम्ही जमलो. मंदाही सहज बघायला आली होती. मी सायकल आडवी धरून दाखवली. आणि बोलता बोलता — सवयीने, काही विचार न करता — म्हणून गेले, "पळायचं नाही. आमची मंदा पळाली, तर बघा काय झालं."

सगळ्यांनी मंदाकडे बघितलं. ती कडेला उभी होती. तिने मान हलवली आणि म्हणाली, "हां, माझ्यासारखं करू नका."

त्या रात्री मी जेवले की नाही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. मंदा मागच्या पडवीत सुकट निवडत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, क्रमाने. कुत्रीने सलवार धरली ते, मी वळून बघितलं ते, पाणी प्यायले ते, आणि वेणी घालताना काय म्हणाले ते. माफ कर म्हणाले नाही. ते म्हटलं असतं तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

तिचे हात सुकटीत तसेच राहिले. मग तिने विचारलं, "मी उतरली व्हती?"

"हो."

"सायकल मधी धरली व्हती?"

"हो. पाठ दाखवली नव्हतीस."

"मला तसंच आठवायचं," ती म्हणाली. "इतकी वर्सं मला तसंच आठवायचं. पण तू सांगितलंस, म्हणून मी तुझं खरं मानलं."

रडली नाही, ओरडली नाही. सुकटीचं ताट उचलून आत जाताना उंबऱ्यात थांबली. "मी कुणाला सांगनार न्हाय. तू सांग. सगल्यांना."

म्हणून सांगते आहे. सासूबाईंनी ऐकून पदर तोंडावर घेतला आणि तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. नवरा म्हणाला, कशाला उकरून काढलंस. मी म्हटलं, पुरलं होतं मीच. मंदा घरातच असते, समोरून जाते, बोलत नाही. तो तिचा हक्क आहे. तिने कधी बोलावं, बोलावं की नाही, हे मी ठरवणारी नाही.

पुढच्या रविवारी मैदानात बायका जमल्या तेव्हा त्यांनाही सांगितलं. एकीने विचारलं, "म्हणजे मंदाताईने नेमकं केलं काय?"

मी त्यांना दाखवलं. सायकल आडवी कशी धरली होती, पाय कसे रोवले होते, नजर कुठे होती. शेजारची जागा रिकामी ठेवली आणि सांगितलं, इथे मी असायला हवी होते.