टेबलावर अडलेलं सनस्क्रीन

ऑफिसात पाठीमागे तिला ‘थांबाबाई’ म्हणत. सनस्क्रीनमध्ये कुठला घटक चालेल आणि कुठला नाही, हे ठरवणाऱ्या सरकारी खात्यात ती तपासनीस होती. पुरावा अपुरा दिसला की "थांबा" म्हणायला ती कुणाच्या बापाला घाबरत नसे. हे नाव तिच्या कानावर होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही.

तिची धाकटी बहीण दारोदार टपाल वाटायची. एका उन्हाळ्यात धाकटीच्या हातांवर, मानेवर पुरळ उठलं ते जाईचना. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला ऊन सोसत नाही. बाजारातली सगळी क्रीमं लावून झाली. काहींनी आग व्हायची, काही घामाबरोबर वाहून जायची. मग परदेशातल्या नणंदेने एक ट्यूब पाठवली, आणि कातडी हळूहळू निवळली.

"हे आपल्याकडे का मिळत नाही गं, ताई?"

ताईने ट्यूब उलटून मागची घटकांची यादी वाचली. त्यातल्या नव्या घटकाची फाइल तिच्याच टेबलावर होती. रोज लावल्यावर तो रक्तात किती उतरतो, हे कंपनीने मोजलंच नव्हतं.

"माझ्याकडेच अडलंय," ती शेवटी म्हणाली.

"तिकडे लोक वर्षानुवर्षं लावतायत. कुणाला काय झालं?"

"झालं नाही, की कुणी बघितलं नाही, तेच कळत नाहीये."

"म्हणजे तुमचं बघून होईपर्यंत मी भाजून घेऊ?" धाकटी ताडकन उठून गेली.

दुसऱ्या दिवशी ताईने साहेबांना बहिणीचं सगळं सांगून फाइल आपल्याकडून काढून घ्यायला लावली. दुसरं कुणी जरा हात सैल सोडेल, असं मनातून वाटत होतं. पण नव्या तपासनिसानेही तोच प्रश्न काढला. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

कंपनीने कुरकुरत चाचणी केली. रक्तात उतरणारं प्रमाण नगण्य निघालं, मंजुरी मिळाली. तोवर नणंदेने पाठवलेली ट्यूब संपली होती, आणि धाकटीने फिरती सोडून आत बसून पत्रं निवडायचं काम घेतलं होतं. रस्त्यावरच्या ओळखी तुटल्या, म्हणून ती खंतावायची.

ताई दुकानातून ट्यूब घेऊन तिच्याकडे गेली.

"म्हणजे त्यात काहीच वाईट नव्हतं," धाकटी म्हणाली.

"नव्हतं."

"मग उगाच अडवलंत."

"अडवलं, पण उगाच नाही."

धाकटीने ते कबूल केलं नाही. मात्र ट्यूब जवळ ओढून म्हणाली, "फिरतीवर परत घेतात का, उद्या विचारते."