विहिरीत सोडलेला रेडिओ

मी चौथी शिकलो, तीही अर्धी. पण वसईच्या खाडीकाठी जन्म गेलेल्या माणसाला पाण्याचं कोणी शिकवायचं नाही, असा माझा ताठा होता. बापाने खणलेली आमची विहीर गोड. तिच्यावर दिवसभर मोटर लावून मी केळी पिकवायचो. दोनेक वर्षं बायको म्हणत होती, "पानी मचूळ झालंय. डाळ शिजत नाय. मोटर बंद करा, ती खाडीचं पानी आत ओढते, विहिरीला जरा दम खाऊ द्या." मी म्हणायचो, "तुझी डाळच जुनी."

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. मुलगी कॉलेजात रेडिओचं शिकत होती. पाण्यात रेडिओच्या लहरी किती खोल जातात, ते तिला तपासायचं होतं. लोणच्याच्या बरणीत ट्रान्झिस्टर ठेवला, बुडावी म्हणून खाली दगड बांधला, झाकणातून कानात घालायची वायर बाहेर काढून भोक मेणाने बुजवलं. दोरीला हात-हात अंतरावर गाठी मी मारल्या.

खाडीत पहिली गाठ बुडायच्या आधीच बातम्या बंद. "खारं पाणी लहरी खाऊन टाकतं, बाबा," ती म्हणाली. शेजारच्या वाडीतल्या बावखलात, म्हणजे पावसाचं पाणी साठतं त्या तळ्यात, पाचव्या गाठीपर्यंत माणूस बोलत होता.

"आता आपली विहीर. सात गाठी आधीच लिहून ठेव," मी म्हणालो आणि वायर माझ्याच कानात घेतली.

पाण्याला टेकेपर्यंत छान वाजत होता. दुसऱ्या गाठीला खरखर. तिसरीला काहीच नाही.

"सेल गेले."

"आत्ता तर वाजत होता ना, बाबा."

"मग वायर हलली. चल बावखलावर."

बरणी घेऊन मीच पुढे चालत गेलो. बावखलात पुन्हा पाच गाठी, एकदम स्वच्छ. परत विहिरीवर आलो. पुन्हा दुसऱ्या गाठीला खरखर.

बायको कपडे वाळत घालत होती. "काय म्हनतो तुमचा रेडिओ?"

"तुझंच म्हणतो."

मुलगी वहीत आकडे लिहीत होती. विहिरीचा जरा वाढवून लिही, असं ओठांवर आलं होतं. पण गाठी माझ्याच हातच्या. मी मोटरचा फ्यूज काढून खिशात टाकला. त्या वर्षी अर्धी बाग वाळली. बायको एकदाही "मी सांगत होते" म्हणाली नाही, त्याचाच मला जास्त राग आला.