धारांशिवाय आई

मस्कतच्या खोलीत मोबाईलवर गावाकडचा रेडिओ लावला होता, आणि अचानक आईचा आवाज आला. आई आता नाही. तिची जुनी मुलाखत पुन्हा लागली होती. ज्यांनी ती जपून ठेवली, त्यांचे उपकार कसे फेडू?

नववीतून शाळा सोडून मी घरच्या म्हशींमागं लागलो, तेव्हाची गोष्ट. कोडोलीच्या आमच्या गोठ्यात रेडिओच्या ताई माइक घेऊन आल्या. आई धार काढायला बसल्याशिवाय बोलेचना. चरवीत धारा वाजायला लागल्या तशी तिची जीभ सुटली.

"मागचा आवाज आम्ही नंतर काढून टाकतो," ताई म्हणाल्या.

"काढा की," आई म्हणाली, "पर मग मी कुणाजवळ बसून बोलतोय, ते कसं कळायचं?"

ताई हसल्या. मीही हसलो.

आज आवाज अगदी स्वच्छ होता. धारा नाहीत, साखळी नाही, म्हशीचं फुसफुसणं नाही. माझ्या या खोलीसारख्याच कुठल्यातरी रिकाम्या खोलीत आई एकटीच बोलत बसलीय असं वाटलं, आणि जीव घाबरा झाला.

तेवढ्यात ती म्हणाली, "बाळू, दुसरी चरवी आण की रं."

मी उठून उभा राहिलो होतो.