पहिल्या तावाची हळद

"वाकवा. घाबरू नका, पापड न्हाई त्यो."

आमच्या चाकणच्या शेडमध्ये नवा माणूस आला की मामा त्याच्या हातात प्लॅस्टिकचा पातळ ताव देत आणि हेच म्हणत. तावावर चांदीच्या शाईने छापलेल्या बारीक, नागमोडी रेषा. त्यांतून वीज जाते यावर तुमचाही विश्वास बसला नसता. मामांचाही बसत नसे. रोज स्वतः छापायचे, आणि तपासणीचा दिवा लागला की रोज मागे सरायचे. "आयला, शाईत करंट!"

मामा दापोडीचे. जन्मभर लग्नपत्रिका छापल्या. पत्रिका मोबाइलवर गेल्या, तेव्हा आमच्याकडे आले. छपाईची जाळी तीच, शाई ओढायची रबरी पट्टी तीच. सवयही तीच: पहिल्या तावाच्या कोपऱ्याला हळदीचं बोट.

"मामा, ही काय पत्रिका आहे?"

"ताई, कुणाच्या तरी घरीच जाणार की!"

एकदा एका कंपनीने तान्ह्या बाळांना ऊब देणाऱ्या दुपट्यासाठी आमच्याकडून नमुने मागवले. ते नापास झाले तर छपाईचं टेबल विकणार, असं मालकांनी सांगूनच टाकलं होतं. म्हणजे मामा घरी. नमुने मामांनी छापले, पाकीटही त्यांनीच भरलं. हळदीचा ताव मानाने सगळ्यात वर.

कंपनीतून लगेच बोलावणं आलं. मी मामांना घेऊन गेले. तिथल्या तपासणीच्या बाई तापल्या होत्या. "हे पिवळं काय आहे? बाळाच्या अंगाला लागणार आहे हे!"

बरोबरच होतं त्यांचं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तोवर मामांनी तो ताव बांगडीसारखा स्वतःच्या मनगटाला गुंडाळला आणि बॅटरीच्या तारा जोडल्या.

"हात ठेवा, बाई."

त्यांनी ठेवला. थोडा वेळ काहीच नाही. मग त्यांचा चेहरा बदलला. मीही बोट लावलं. प्लॅस्टिकमधून ऊब येत होती, थेट माणसाच्या अंगासारखी. रोजचं काम असूनही माझ्या अंगावर काटा आला.

"हळद सोडून," बाई म्हणाल्या, "बाकी सगळं असंच पाठवा."

टेबल राहिलं. मामा गेल्या वर्षी वारले.

पहिल्या तावाला आता हळद लागत नाही. नियम म्हणजे नियम. बाईंनी परत दिलेला तो ताव मात्र माझ्या खणात आहे. थंडीत सकाळी शेड गारठलेली असते. मी तो मनगटाला गुंडाळते, तारा जोडते. थोडा वेळ काहीच नाही.

मग ऊब येते.