झेलणाऱ्यांची जागा

मी गिटारवर लोकांची गाणी वाजवतो. लोकांची म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली: आरती, बारशाचा पाळणा, जुन्या सिनेमातली. आठवडाभर नोकरी, रविवारी रॉक. करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या खिडकीला दोन गोधड्या लावल्या की झाला स्टुडिओ. गोधड्या आवाज अडवतात हा माझा समज. वरून विमान गेलं की रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून. बायको म्हणते, पाळणा असा बडवल्यावर बाळ झोपेल कसं? मी ऐकून सोडून देतो. हौसेला मोल नसतं, आणि शेजारी अजून तरी भांडायला आलेले नाहीत.

आईचं मात्र मनावर घ्यावं लागतं. आमच्या आगरी भावकीत हळदीची गाणी म्हणणारी ती. ती ओळ उचलायची आणि समोर बसलेल्या बायका तीच ओळ मागून म्हणत झेलायच्या. तिच्याशिवाय कोणाची हळद रंगली नाही. मग गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि आवाज फाटला. बोलताना घोगरा, सुरात लावला की मधेच तुटतो. तेव्हापासून ती लग्नाला जायची, जेवून यायची. आदल्या दिवशी हळदीला मात्र तिचं नेमकं काहीतरी दुखायचं. आता सुकापूरला माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं, तरी आईचं एकच, "मी थेट लगनालाच येन." नातीच्या हळदीला आजी नाही म्हणून बहीण रडली. मला रागच आला. कोणावर, ते सांगता येत नाही.

आवाज नसेना, चाल तर आहे, असं म्हणत मी आईचं हळदीचं गाणं रेकॉर्ड केलं. ड्रम घातले, गिटारचा आवाज चांगला खरखरीत केला. आईची ओळ संपली की जिथे बायका झेलतात, तिथे माझी बोटं सुटली. रॉकवाल्याला रिकामी जागा बघवत नाही. मला ते भलतंच आवडलं होतं. मोठ्या ऐटीत आईच्या कानाला हेडफोन लावला. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"बरा हाय," ती म्हणाली. "पन सगला तूच बोलतंस. मंग बायकांनी कवा बोलाचा?"

"अगं, त्यांच्या ओळी पण मीच वाजवल्यात."

"त्याच तर सांगतंय."

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. मी दोन दिवस धुसफुसत होतो. पण नंतर गाणं ऐकायला बसलो की ती म्हणाली तेच कानात यायचं. शेवटी एका रविवारी सगळी कारागिरी पुसून टाकली. झेलायच्या जागी नुसते ड्रम राहिले. बायकोने ऐकून विचारलं, फाइल खराब झाली का?

आईला सांगितलं, "गाणं मी लावणार आहे. पण कुठे झेलायचं ते बायकांना कोण दाखवणार? तू गाऊ नकोस, नुसता हात कर."  हळदीच्या संध्याकाळी ती साडी नेसून तयार होती.

मांडवात ती कडेच्या खुर्चीवर बसली, पदर गळ्याभोवती घेऊन. मी गाणं लावलं. पहिली ओळ गिटारवर वाजली आणि नुसते ड्रम धडधडत राहिले. बायका स्पीकरकडे बघायला लागल्या. "बंद परला वाटतं," कोणीतरी म्हणालं. 

तेवढ्यात आई उठली. सतरंजीवर बायकांच्या मधे जाऊन बसली आणि दुसरी ओळ संपताना तिने हात वर केला, पूर्वी करायची तसाच. दोघी-तिघींनी ओळ झेलली. पुढच्या वेळी सगळ्यांनी. त्यानंतर तर माझी गिटार ऐकूच येईना, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं वाईट वाटलं नाही.

आईचेही ओठ हलत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. एक तार जराशी उतरली तरी मला कळते. पण त्या पंधरा-वीस आवाजांत आईचा कुठला, ते काही केल्या ओळखू येईना. तो मधेच तुटत असेलही. तुटायचा तिथे शेजारणीचा असायचा.

गाणं संपलं. समोर नात पिवळीधमक होऊन बसली होती. आईने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघताच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "परत लाव."