लहान माणसाचा वाटा

डाळमिलच्या ऑफिसात मोबाइलची पूजा मांडली होती. टेबलावर लाल कापड, त्यावर स्वस्तातले मोबाइल ओळीनं ठेवलेले. प्रत्येकाच्या पाठीवर पट्टी चिकटवून आम्हा मिलमधल्या एकेका बाईचं नाव लिहिलेलं. छोटे मालक, मिल आता तेच बघतात, माझ्याहून किती लहान. त्यांनी माझ्या नावाच्या मोबाइलला हळदकुंकू वाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तू मांगं सरक. इधवेचं काय काम हाय इथं?"

सगळ्या बायांसमोर. माझ्या नावाला कुंकू चालत होतं, मी चालत नव्हते. दाराबाहेर जाऊन उभी राहिले. प्रसाद कुणीतरी बाहेर आणून दिला. तो मी खाल्लासुद्धा.

मिल अकोल्यातली. आमचे आधार, पॅन घेतले तेव्हा सरकारी योजनेचे पैसे येतील म्हणून सांगितलं होतं. त्यावर आमच्या नावानं बँकेत खाती उघडली, ती चालवायचे मोबाइल मात्र मालकाकडेच राहिले. मालकानं कागद मागितले की द्यायचे, कशाला म्हणून विचारायचं नाही, अशीच आमची रीत. दिवाळीला एक साडी मिळाली. आम्ही खूश.

पोरगी अमरावतीला नर्सिंग शिकते. तिची शिष्यवृत्ती अडली. कॉलेजातल्या बाबूनं तिला सांगितलं, तुझी आई शेअर बाजारात कमावते, तिच्या नावानं आयकराचं विवरण भरलंय. पोरगी फोनवर रडत विचारत होती, आई, माझ्यापासून काय लपवलंस? काय सांगणार? तूर पाखडून माझ्या नाकातोंडात भुकटी जाते, एवढंच मला माझ्या कमाईचं माहीत.

मग तिनंच शोधून मला समजावलं. कंपनी पहिल्यांदा बाजारात उतरते तेव्हा आपले शेअर लोकांना देते. घेणारा कंपनीचा भागीदार होतो. कंपनी चालली तर फायदा, बुडाली तर पैसा गेला. त्यात लहान गुंतवणूकदारासाठी वेगळा वाटा राखलेला असतो. एका नावाला एकच अर्ज. अर्ज फार आले की सोडत. म्हणून मालकाला नावं हवी होती. शेअर लागला की बाजारात आल्या दिवशीच विकायचा आणि पैसा खिशात घालायचा. लहान माणसाचा वाटा लहान माणसाच्याच नावानं हा माणूस खात होता.

मी त्याच्या पाया पडले. हो, पडले. पोरीचं वर्ष जाईल, माझं नाव काढा म्हणाले. त्यानं मोबाइलमधून मानही उचलली नाही.

"तुह्या नावाले सोडत लागते म्हून ठेवलं. नाई तं तुह्या नावाची किंमत काय?"

घरी आले. चूल पेटवली नाही. जगून काय करायचं, असं खरंच वाटलं. बसून राहिले. मग डोकं फिरलं. किंमत नाही, तर हा माझं नाव सोडत का नाही?

पोरगी म्हणाली होती, नव्या कंपनीच्या अर्जाचा उद्या शेवटचा दिवस. आमच्या नावानं अर्ज करून पैशाला मंजुरी मालक त्याच मोबाइलवरून द्यायचा. सकाळी मी कामावर न जाता बँकेत गेले. माझ्या खात्याचे मोबाइलवरचे व्यवहार बंद करा म्हणाले, तो मोबाइल माझ्याजवळ नाही. बंद झाले. अर्ज बाद झाला.

दुसऱ्या दिवशी मालकानं मला गेटवरच अडवलं. आईवरून शिव्या दिल्या. मी एवढंच बोलले.

"नाव मायं हाय. मले इचारल्याबिगर त्याले हात लावाचा नाई."

काम गेलं. शिष्यवृत्ती अजून अडलेलीच आहे, होस्टेलवाले पोरीच्या मागे लागलेत. मिलमधल्या बाया रस्त्यात दिसल्या तर तोंड फिरवतात. त्यांना काम टिकवायचंय. माझ्या घरात उद्या काय शिजेल, मला माहीत नाही.

उद्या मी आयकरच्या ऑफिसात जाणार आहे. या भानगडीत माझंही नाव आहे, मला धरायचं तर धरा. पण मालकाचं नाव मी सगळ्यांदेखत घेणार, आणि माझं म्हणणं लिहून घेतल्याशिवाय तिथून उठणार नाही.